कस्तुराचं भांडण

आकुर्डीच्या कॉलनीतलं नाट्यमंडळ सुरू झालं तेव्हा त्यात सगळे कंपनीतले बाबूलोक, आणि बायकांची कामं करायला गुरुदत्त. परचेसमधला हा गडी दर जानेवारीत मिशी उतरवायचा आणि लुगडं नेसायचा. मग कॉलनीतल्याच सुमेधानं हट्ट धरला, बाईचं काम बाईच करील. पाठोपाठ बेळगावकडचा फिटर आला, लातूरकडची नर्स आली, दापोडीचा रहीमभाई शिंपी कपडे शिवता शिवता नाटकातला सावकार झाला. ज्यानं त्यानं आपल्याच बोलीत बोलायचं, हा सुमेधाचा नियम. बाळाला मांडीवर घेऊन तिनं यंदाचं नाटक लिहिलं ते नळावरच्या भांडणाचं, आणि भांडखोर बाई म्हणून कस्तुराला पकडलं.

कस्तुरा गावातल्या लक्ष्मणरावांची सून. कॉलनीत मेथी विकायला यायची आणि एका जुडीवरून अख्खी बिल्डिंग डोक्यावर घ्यायची.

"हेच बोलायचंय गं, फक्त स्टेजवर," सुमेधा म्हणाली.

"त्याला काय हुतंय? पर आमच्या म्हाताऱ्याला इचारा."

म्हाताऱ्यानं सुनेला सोडलं, वर ज्वारी मळायचं आपलं खळं दिलं, स्टेजच्या फळ्यांखाली लावायला दोन बैलगाड्या दिल्या. "म्या मातुर येनार न्हाई. थंडी लई."

एवढं ज्यानं दिलं त्याला पहिल्या रांगेत मान नको? मोठी माणसं आधी नको-नको म्हणतातच, असं धरून सुमेधानं सव्वीस जानेवारीला नवऱ्याच्या, सुरेंद्रच्या हाती नारळ देऊन बोलावणं धाडलं. सुरेंद्रनं लक्ष्मणरावांना हाताला धरून आणलं आणि अगदी मधोमध खुर्चीत बसवलं.

पडदा सरकला. कस्तुरा हंडा घेऊन ठसक्यात आली, तोंड उघडलं, तर समोर सासरा! पदर सर्रकन नाकापर्यंत उतरला. लोकांकडे पाठ करून ती खांबासारखी उभी राहिली.

"नळाचं पाणी गेलं वाटतं राव!" मागून कोणीतरी ओरडलं. हशा पिकला.

कस्तुरा विंगेत आली ती रडकुंडीला येऊनच. "ताई, मामंजींम्होरं म्या घरात कदी तोंड उघडलं न्हाई. काय सांगायचं ते आत्याबाई सांगत्यात. हितं भांडू व्हय?"

सुमेधाच्या आता लक्षात आलं. थंडीचं निमित्त होतं तर! म्हातारा सुनेसाठीच येत नव्हता, आणि आपण त्याला नारळ देऊन आणला.

"वहिनी, मिशीसकट चालणार असेल तर लुगडं आणा," गुरुदत्त हळूच म्हणाला.

"तुम्ही गप्प बसा हो भावजी!"

खळ्याच्या कडेला गावातल्या बाया दाटीवाटीनं बसल्या होत्या. आज गुरुदत्त लुगडं नेसला, तर त्यांतली एकही कधीच फळीवर पाय ठेवणार नाही, हे सुमेधाला दिसत होतं. पण ज्याच्या खळ्यावर उभं राहायचं त्याला उठा कसं म्हणायचं? बाळाला कडेवर घेऊन ती खाली उतरली.

"अण्णा, चुकलं माझं."

"म्या सांगितलं हुतं, थंडी लई हाय," म्हणत लक्ष्मणराव उठले. निघाले, असं वाटून सुमेधाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण त्यांनी खुर्ची उचलली, गर्रकन फिरवली, आणि स्टेजकडे पाठ करून काठी गुडघ्यांत धरून बसले.

"आता मला काय दिसत न्हाई. कोन बाई भांडती, मला काय ठावं?"

कस्तुरा बिचकत पुन्हा आली. पहिलं वाक्य तिनं हंड्यालाच ऐकवलं. दुसरं फिटरला. त्यानं कानडी हेलात उलट उत्तर दिलं तशी तिची मान वर झाली. लोक एकदा तिच्याकडे बघत, एकदा म्हाताऱ्याच्या तोंडाकडे. हसू दाबता दाबता लक्ष्मणरावांच्या मिशा थरथरत होत्या.

मधेच त्यांनी काठी आपटली. "सुमेधाबाई, त्या नळावरच्या बाईला म्हनावं, जरा मोठ्यानं. हितं निम्मंच ऐकू येतंय."

कस्तुरानं पदर कमरेला खोचला.