चार जबड्यांचा चक

सासऱ्यांनी जाताना जावयाच्या हाती ठेवला तो आपला चार जबड्यांचा चक. लेथवर काम धरून ठेवणारी ही लोखंडी तबकडी पार जुन्या घडणीची होती. नंतरच्या तीन जबड्यांच्या चकांच्या पोटात गोगलगायीच्या पाठीसारखी वळत जाणारी आटी आली; एक चावी फिरवली की तिन्ही जबडे मुकाट्याने मध्याकडे सरकतात आणि कारागिराला डोकं चालवावं लागत नाही. सासऱ्यांच्या चकात मात्र चार भाऊ वेगळे निघालेले. ज्याचा त्याचा स्क्रू, ज्याची त्याची मर्जी, समोरच्याला सैल केल्याशिवाय याला आवळता येत नाही. पण वेडंवाकडं ओतीव काम बरोबर मध्यावर आणावं तर त्यानेच, आणि सबंध कारखान्यात ते जमायचं एकट्या जावयाला. त्याची नोकरी या चकावरच टिकून होती.

मग त्याचा हात थरथरू लागला. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून तो हात खिशात घालून हिंडे. एका दुपारी पंपाचं ओतीव कवच चकात धरताना, काम मध्यापासून जरा ढळलं तरी हलणारा डायलचा काटा काही केल्या स्थिर होईना. जेवून आलो की मालकांना खरं सांगून टाकायचं असं ठरवून तो काम तसंच सोडून गेला. परतून चक हाताने फिरवला, तर काटा हललाच नाही. मालक नेमके मागे उभे होते.

"बघा, याला म्हणतात हात!" ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले.

त्याने लेथ चालू केला, आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढे हे रोजचंच झालं. काम कसंबसं धरून तो जेवायला जाई, परते तेव्हा ते मध्यावर आलेलं असे, आणि तो आयती शाबासकी खाली मान घालून घेई. कोण करतं हे पाहायला एकदा तो दाराआड थांबला. चकाकडे कुणी फिरकलं नाही. फक्त उभ्या उभ्या त्याच्या बरगड्यांत चारी बाजूंनी कळ आली आणि हाताची थरथर थांबली. आत जाऊन पाहिलं, तर काटा स्थिर होता.

अंघोळीच्या वेळी छातीवर, पाठीवर आणि दोन्ही कुशींवर चौकोनी वळ दिसले. त्या दिवसापासून तो दार लावून कपडे बदलू लागला. बायको शेजारणीला कौतुकाने सांगे, "आमच्या ह्यांचा हात अगदी बाबांसारखा." ते ऐकून तो जेवण अर्ध्यावर टाकून उठे.

शेवटी एका सकाळी न राहवून त्याने तिच्यासमोर सदरा काढला.

"अगं, ते काम मी करत नाही. फुकटचं श्रेय घेतोय. तुझ्याकडे बघायची लाज वाटते मला."

ती दचकली नाही. ओला हात पदराला पुसून तिने एकेका वळावरून बोट फिरवलं.

"बाबांचाही हात थरथरायचा," ती म्हणाली. "पण त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. थांबा, डावीकडे जरा सैल आहे."

तिने डाव्या कुशीवर अंगठा टेकवला आणि पाव फेरा वळवला. मग त्याला खांद्याला धरून, एक डोळा बारीक करून, हळूहळू पूर्ण गोल फिरवलं.

"आता बसलं," ती म्हणाली. "काय सांगत होतात?"

त्याने सदरा चढवून एकेक बटण लावलं. हात अगदी स्थिर होते.