छोटी पुली

"वेंगताई, रॉमीदादाचा कागद बघून मशीन ठरवू नका," असं बेंजीने रोवेनाला, म्हणजे सगळ्यांच्या वेंगला, सांगितलं होतं, आणि तिने ते सरळ झटकून टाकलं होतं.

किराणा दुकानाबाहेरच्या पार्किंगमध्ये गाठ पडली होती. काखेत आठ महिन्यांची तालिया, दुसऱ्या हातात तांदळाची पिशवी, आणि डोक्यावर सान दिएगोचं ऊन. बेंजी तीन पावलं लांब उभा होता. जवळ यावं की नाही हे न कळणाऱ्या माणसासारखा. "जेरविनदादाला तेवढं सांगा," तो म्हणाला. रोवेना "बरं, सांगते" म्हणाली, गाडीचं दार लावलं आणि घरी येऊन काहीही सांगितलं नाही. बेंजीचं कोण ऐकणार? या पोराने चौथ्याऐवजी दुसरा गिअर टाकून स्वतःचं इंजिन फोडलं, आणि वर रॉमीच्या नावाने बोटं मोडत फिरतो, हे सान दिएगोलगतच्या नॅशनल सिटीतल्या प्रत्येक गॅरेजात ठाऊक होतं.

त्या वेळी घरात दुसरा विषयच नव्हता. नवऱ्याच्या, जेरविनच्या, पांढऱ्या दोन सीटच्या गाडीला कोणता सुपरचार्जर बसवायचा? गाडी लग्नाआधीची, म्हणजे रोवेनापेक्षा थोरली. इंजिन लहान, पण मिनिटाला नऊ हजार फेरे घेणारं. सहा हजारांखाली ते म्हणजे जेवून आडवा झालेला सासरा, हाक मारली तर "हूं" करणार, उठणार नाही. सहा हजारांवर गेलं की मात्र असं किंचाळत उठायचं की शेजारच्या कुत्र्याने पळत सुटावं. त्या किंचाळण्यावरच जेरविनचा जीव जडलेला.

रोवेना रसायनशास्त्र शिकलेली, शहराच्या पाण्याच्या प्रयोगशाळेत नोकरीला. तालिया झोपली की ती फोनवर गाडीवाल्यांचा फोरम वाचत बसायची. इंजिनात जास्त हवा कोंबणारी ही यंत्रं दोन तऱ्हेची. एकात दोन मोठे स्क्रू एकमेकांत गुंतून फिरतात आणि अगदी खालपासून हवा दाबतात. दुसऱ्याला सगळे गोगलगाय म्हणत, कारण दिसतं तसंच. शंखाच्या पोटात पंखा. ते इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर चढत जातं, पूर्ण जोर पार नऊ हजारांवर.

"तुझ्या इंजिनाला वर काही कमी नाहीये. उपाशी आहे ते खाली," ती म्हणाली. "जिथे भूक तिथे वाढ ना. स्क्रूवाला घे."

"वेंग, तो मिक्सर आहे. घूं घूं करतो. हवा तापवतो ती वेगळीच. आणि तीन हजारांवरच गाडी चालवायची असेल तर तुझी व्हॅन काय वाईट आहे?"

खरी भीती तिने बोलून दाखवली नाही. गोगलगायीचा पैसा वसूल करायला नऊ हजार गाठावे लागणार. ते शहरात कुठे गाठणार? डोंगरातल्या वळणांवर. पण तसं म्हटलं असतं तर त्याचं उत्तर तयार होतं: "बाळ झाल्यापासून तुला पाण्याच्या बादलीचीपण भीती वाटते."

मग रॉमीचा कागद आला. रॉमी गॅरेजचा मालक, जेरविनपेक्षा पंधरा वर्षांनी मोठा, सगळ्यांचा दादा. गाडी रोलरवर चढवून ताकद मोजतात, त्याचा आलेख. गोगलगायीची रेघ जिन्यासारखी वर वर गेलेली, टोकाला भलामोठा आकडा. स्क्रूची रेघ बिचारी सपाट. "बघ की," जेरविन म्हणाला. तिने पाहिलं. कुठल्या दिवशी काढला, टाकीत कुठलं पेट्रोल होतं, हे विचारलं नाही. प्रयोगशाळेत तारीख आणि नळाचा पत्ता नसलेल्या बाटलीला हात न लावणारी ही बाई त्या कागदाला "हो" म्हणून मोकळी झाली.

गोगलगाय बसली. पुढच्या शनिवारी रॉमीकडे आकड्यांचा दिवस होता. असा दिवस वर्षातून दोनदा. दहा-बारा गाड्या एकेक करून रोलरवर चढतात, आकडा फळ्यावर लिहिला जातो, टेबलावर पान्सितच्या नूडल्स आणि लुंपियाच्या तळलेल्या गुंडाळ्यांचे ढीग, आणि चार वाजता सगळी वरात डोंगराकडे निघते.

रोवेना तालियाला घेऊन गेली आणि गेल्या गेल्या तिच्या नाकात वास शिरले. तळणाचा वास, जळक्या रबराचा वास, आणि त्यावर काहीतरी गोडसर, कपड्याला चिकटणारं. पेट्रोलचा नेहमीचा वास हा नव्हता. माणसं इंजिनात हात घालत होती, त्याच हाताने लुंपिया उचलत होती, आणि तोच हात तालियाच्या गालाला लावायला येत होती.

हात धुऊन बाळाला घेतलं ते फक्त लितोने. लितो डोंगरापलीकडच्या एल सेंट्रोच्या रुग्णालयात नर्स होता, चाळिशीचा, चष्मेवाला, पिवळ्या गाडीतून दोन तास चालवून आलेला. त्यालाही रॉमीने गोगलगायच बसवून दिली होती. त्याचा आकडा फळ्यावर लागला तसा तो लाजला. "सातची ड्युटी आहे, त्याआधी तासभर झोपतो," म्हणाला, आणि दोनच्या सुमाराला निघून गेला. मागून ऑगी ओरडला, "लितो, पेशंटला घेऊन नऊ हजारांवर जाऊ नकोस रे!" ऑगी म्हणजे रॉमीचा उजवा हात, हसायचं कधी हे सगळ्यांना त्याच्याकडे बघून कळायचं.

मग जेरविनची गाडी चढली. पत्रे थरथरले, तालिया रडायला लागली, आणि रॉमीने फळ्यावर आकडा लिहिला तो लितोच्याही वरचा. जेरविनला चौघांनी उचललं. रोवेना बाळाची बाटली धुवायला आतल्या बेसिनकडे गेली.

बेसिनच्या कडेला काळा साका, त्यात कोणाचेतरी केस. बाटली त्यात धरायची तिला शिसारी आली. वळली तर शेजारच्या बाकावर दोन पुल्या ठेवलेल्या, चकचकीत, नव्या. दोन्हींवर कागदी पट्टी. एकीवर "जेरविन". एकीवर "लितो".

सुपरचार्जर पट्ट्यावर फिरतो आणि पट्टा त्या पुलीवरून. पुली जितकी लहान तितका तो जोरात फिरणार, तितकी जास्त हवा कोंबणार. एवढं फोरमवर शिकायला तिला दोन रात्री पुरल्या होत्या. जेरविनची पुली इथे बाकावर असेल तर गाडीत काय आहे?

"रॉमीदादा, ह्या इथे कशा?"

रॉमी कागदी ताटली घेऊन उभा होता. "ह्या मोठ्या, रोजच्या. आज छोट्या लावल्यात. आकड्याच्या दिवशी लावतातच. पुढच्या आठवड्यात येऊ दे त्याला, बदलून देतो."

"आणि टाकीत शर्यतीचं पेट्रोल आहे ना? गोडसर वास येतोय."

"नाक आहे हो तुला!" रॉमी हसला. "वेंग, फळ्यावरचा आकडा म्हणजे फोटो. फोटो काढताना माणूस पोट आत घेतोच की नाही?"

"पोट आत धरून कोणी डोंगर चढत नाही, दादा. ते पेट्रोल संपलं की हा पंपावरचं भरणार. छोटी पुली आणि साधं पेट्रोल. मग इंजिनात जे पेटेल ते वेळेआधी पेटेल. पिस्टन वितळतील."

"अगं, इतकं काही नसतं."

तेवढ्यात तिची नजर भिंतीवर गेली. मायक्रोवेव्हच्या वर तारेने एक पिस्टन टांगला होता. खाली चिठ्ठी: "बेंजीचा दुसरा गिअर". जाता-येता प्रत्येकजण त्याला टिचकी मारायचा, म्हणून तो एका बाजूने बोटांच्या तेलाने चमकत होता. तिने तो कितीदा पाहिला असेल. हातात कधी घेतला नव्हता. आता तारेतून काढला.

चुकून खालचा गिअर पडला की इंजिन मर्यादेच्या पलीकडे फिरतं आणि व्हॉल्व्ह खाली पिस्टनच्या डोक्यावर आपटतात. चंद्रकोरीसारखे ठसे उमटतात, फोरमवर अशा फोटोंचा खच पडलेला. या पिस्टनचं डोकं गुळगुळीत होतं. एकही ठसा नाही. कड मात्र उंदराने कुरतडल्यासारखी खाल्लेली, वितळून ओघळलेली.

"दादा, ठसे कुठे आहेत?"

रॉमीचं चावणं थांबलं. ऑगी दारातून आत आला होता. "ए वेंग, तू नळाचं पाणी तपास. पिस्टन आमच्यावर सोड." मागचे दोघे-तिघे हसले. त्यांच्यात जेरविनही हसला. सवयीने.

"बेंजीने गिअर चुकवलेला नाही," ती म्हणाली. "हा तापून वितळलाय. त्यालाही आकड्याच्या दिवशी छोटीच लावली होती ना? आणि बदलली नव्हती."

कुणीतरी लुंपियाचा तुकडा तोंडात टाकला, तो कुरकुरल्याचा आवाज तेवढा आला.

"बेंजी पिदडतो गाडी," रॉमी शेवटी म्हणाला. "त्याच्या पायात अक्कल नाही."

"मी पायाबद्दल विचारत नाहीये."

मग ती नवऱ्याकडे वळली. "तुला माहीत होतं?"

जेरविनने पुसायचं फडकं उगाच हातात फिरवलं. "म्हणजे... सगळ्यांनाच अंदाज होता."

"मग त्याला हसायचास कशाला?"

"सगळेच हसत होते, वेंग."

हा माणूस जहाजाच्या गोदीत वेल्डर. वितळलेलं लोखंड आणि आपटून तुटलेलं लोखंड यातला फरक याला झोपेत कळतो. याने हा तुकडा हातात घेतला असणार, कडेवरून अंगठा फिरवला असणार, आणि मग टिचकी मारून इतरांबरोबर खिदळला असणार. आणि आपण? आपणही बेंजीला पार्किंगमध्ये तसाच उभा सोडून आलो. हातावर त्या पिस्टनचं तेलकटपण राहिलं होतं. तिने ते जीन्सला पुसलं, तरी जाईना.

"गाडी छोटी पुली घेऊन इथून हलणार नाही," ती म्हणाली. "चार वाजता डोंगरावर तर नाहीच नाही." बाहेर जाऊन ती पांढऱ्या गाडीच्या सीटवर बसली, तालियाला मांडीवर घेऊन, दार उघडं ठेवून.

"जेरविन, बायकोला घरी पाठव," रॉमी म्हणाला. "पाहुणे आहेत."

ऑगीने लगेच सूर लावला, "पुढच्या वेळी गाडी तिलाच दे, तू बाळाला घेऊन बस!"

हशा झाला, पण अर्धवट. जेरविन बराच वेळ उभा राहिला. लाजेने त्याचे कान लाल झाले होते. बायकोची लाज, की मित्रांची, की कुठली, हे रोवेनाला लांबून कळेना. मग त्याने बाकावरून स्वतःच्या नावाची पुली उचलली आणि पान्याकडे हात नेला.

"माझी अवजारं आहेत ती," रॉमी म्हणाला.

"हो. आणि पिस्टन बेंजीचा आहे," जेरविन म्हणाला, आणि बॉनेट उघडलं.

तासभर लागला. ऑगीने फळ्यावरचा त्याचा आकडा तळव्याने पुसला आणि तळवा भिंतीला पुसला. मोठी पुली बसवून गाडी पुन्हा रोलरवर घ्यायला कोणी म्हणालं नाही. न चढवताही रोवेनाला कळत होतं, की स्क्रूच्या ज्या सपाट रेघेला सगळे हसले होते ती रेघ याच्या बरोबरीला आली असती, वर तीन हजारांपासून कामाला लागली असती. जेरविन काम करत होता, तिच्याकडे बघत नव्हता. इंजिन वाचलं होतं. त्याच्या शेजारी आज झोपायचं या विचाराने मात्र तिला कसंसंच होत होतं.

तिने फाटकाबाहेर येऊन बेंजीला फोन लावला. पहिल्याच रिंगला त्याने उचलला. ती म्हणाली, "मी रोवेना. तू सांगितलं होतंस, मी ऐकलं नाही. पिस्टन आज हातात घेतला. चूक झाली माझी."

"ते असू दे, ताई. जेरविनदादाची बदलली का?"

"बदलली."

"आज आणखी कोण होतं गोगलगायीवालं?"

"लितो. दोनला गेला."

"मोठी लावून गेला?"

रोवेनाने वळून पाहिलं. उघड्या शटरमधून बाक दिसत होता, आणि त्यावर एकच पुली, कागदी पट्टीसकट.

"ताई, तो वाटेत पेट्रोल भरणार," बेंजी म्हणाला. "आणि मग डोंगरातला लागुनाचा चढ आहे. माझं इंजिन तिथेच फुटलं."

ती आत धावली. रॉमी तोंडात घास असतानाच म्हणाला, "नंबर नाही माझ्याकडे, तो फोरमवरच भेटतो." एल सेंट्रोच्या रुग्णालयाला तिने फोन केला, कर्मचाऱ्यांबद्दल सांगत नाही, म्हणाले. जेरविनने लितोला फोरमवर चार निरोप टाकले. एकही वाचला गेला नव्हता. तो आता किल्ली घेऊन उभा होता, पूर्वेकडच्या हमरस्त्याने निघायच्या तयारीत. "तू निघ," ती म्हणाली, आणि बाळाला खांद्यावर टाकून एका अंगठ्याने लिहायला बसली. फोरमवर "आजचे आकडे" नावाचा धागा होता, अभिनंदनांनी भरलेला. त्याच्या तळाशी तिने लिहिलं:

"मी जेरविनची बायको. आकड्यांबद्दल नंतर भांडा. लितो, एल सेंट्रोचा, नर्स, पिवळी गाडी, काळं छप्पर. नॅशनल सिटीहून दोन वाजता निघालाय. त्याच्या इंजिनावर छोटी पुली आहे आणि त्याला ते कोणी सांगितलेलं नाही. एव्हाना पोचला असेल, किंवा चढावर कुठेतरी असेल. तुमच्यापैकी कोणी त्याच्या गल्लीत राहत असाल, त्याच्याबरोबर काम करत असाल, आत्ता त्या रस्त्यावर असाल, तर तो कुठे आहे ते बघा. घरी असेल तर दार वाजवा, झोपला असेल तर उठवा. रस्त्याच्या कडेला पिवळी गाडी दिसली तर पुढे जाऊ नका, थांबा. आणि तो ठीक आहे एवढं मला इथे लिहून कळवा."