अर्धा तास कोणाचा?

अर्ध्या जळगावातली पोरं मी न्हाऊ घातली, पण घड्याळ बघून दूध मिळणारं पोर मला घेवरचंद शेठच्याच घरी भेटलं. बाहत्तर सालची गोष्ट.

शेठचा मुलगा कन्हैयालाल विलायतेत डॉक्टर. बाळही तिकडंच झालं. चार महिन्यांचं झाल्यावर सून राजकुंवर त्याला घेऊन सासरी आली, आणि सोबत तिकडच्या नर्सबाईनं लिहून दिलेली वही. सहाला दूध, दहाला दूध, दोनला दूध. मधे रडलं तर रडू द्यायचं, उचलायचं नाही. तिकडं म्हणे दार लोटून घेतात! ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. इथं पोरानं नुसतं तोंड वाकडं केलं तरी शेजारच्या तीन बाया धावत येतात.

"रडून रडून बेंबी बाहेर येईल त्याची," मी म्हटलं.

"झुंबरबाई," सून म्हणाली, "वहीबाहेर काही केलंत तर उद्यापासून बाळाला मीच टबात धुईन."

टबात! त्याचा बाप माझ्या पायांवर न्हाला होता. हे बाळ हातचं जायला नको म्हणून मी तोंडाला कुलूप लावलं.

तिसऱ्या दिवशी सहाला प्यालेलं बाळ आठालाच कळवळायला लागलं. ओसरीत भिंतीवर मोठं घड्याळ होतं. सुनेच्या मनगटावरही होतं, पण ते विलायतेच्या वेळेवर, नवऱ्याकडे किती वाजले ते कळावं म्हणून. मग काय! गरम पाणी आणायच्या निमित्तानं उठले, स्टुलावर चढले आणि काटा अर्धा तास पुढं ढकलला.

पाणी तापवून परत येते तर घड्याळात दहा वाजलेले आणि बाळ आईच्या पदराखाली चुटूचुटू पितंय. अगं बया, म्हटलं, धक्का जरा जोरातच लागला वाटतं!

अकराला शाळेची घंटा झाली. शेठ दुकानाला निघाले होते. त्यांनी वर पाहिलं, तर घड्याळात एक!

"कोणी केलं हे?"

मेले आता. पण खोटं मला जमत नाही. "अर्धा तास माझा, शेठ. बाकीचं मला ठाऊक नाही."

शेठाणी तारादेवी दाराआडून म्हणाल्या, "अर्धा माझा."

शेठनं घसा खाकरला. "चावी देताना... अर्धा मी पण..."

मला हसू आवरेना. बठ्ठं घर चोर शे, सगळं घरच चोर! पण दोन तासांतला दीडच सापडला होता. राहिलेला अर्धा कोणाचा?

"माझा," घुंघटातून राजकुंवर म्हणाली.

शेठ चपला घालून मुकाट्यानं चालते झाले. मी कंबरेवर हात ठेवले. "अगं, पोर तुझं, दूध तुझं! पाजायचं होतं तर पाजायचं, घड्याळाला कशाला हात लावलास?"

"मीच वही मोडली तर तुम्ही सगळ्या त्याला उचलाल, त्याला सवय लागेल," म्हणाली आणि रडायलाच लागली. "इथं तुम्ही इतक्या जणी आहात. तिकडं हे दवाखान्यात गेले की घरात मी आणि हा. स्वयंपाक करताना मीच, मला ताप आला तरी मीच. कडेवरची सवय लागली तर तिकडं याला कोण उचलणार, झुंबरबाई?"

त्या वहीला मी मनात काय काय शिव्या दिल्या होत्या!

बाळ गाढ झोपलं होतं. तिनं डोळे पुसले, त्याला उचललं आणि माझ्या कडेवर दिलं.

"जायला अजून वीस दिवस आहेत," ती म्हणाली.