डावीकडची रेघ

"कागद पुन्हा अरुंदच कापलास," ताई पुटपुटली. "माणसं काढायची की मुंग्या?"

कागद नेहमीएवढाच होता. "बरं, पुढच्या वेळी रुंद देते," म्हणत मी ब्रश धुवायला निघून गेले. गेलं दीड वर्ष आमच्या घरात हे असंच चाललं होतं. ताई तक्रार करायची, मी मान डोलवायची आणि भाऊजी वर्तमानपत्रात तोंड खुपसायचे.

ताई लहान मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते. रेघ तिची, रंग माझा, ही वाटणी तीस वर्षांची. दीड वर्षापूर्वी तिच्या मेंदूत उजव्या बाजूला रक्ताची गुठळी अडकली. हातपाय महिन्याभरात ताळ्यावर आले, पण डावी बाजू तिच्या जगातून जी उठून गेली ती गेलीच. डोळे ठणठणीत आहेत, मेंदूच तिकडे लक्ष देत नाही, असं डॉक्टरीणबाईंनी तेव्हा आम्हा सगळ्यांना समजावलं होतं. ताईने ते नीट ऐकून घेतलं आणि चार आठवड्यांत आपण बऱ्या झालो असं परस्पर ठरवून टाकलं. जे दिसत नाही ते राहून गेलंय हे तिला कळणार तरी कसं?

आजारानंतर तिने पहिलं चित्र काढलं ते गाढवाचं. एक कान, एक डोळा, दोन पाय, आणि डावीकडे कोरा कागद. "जमलं की गं!" म्हणून ती लहान मुलीसारखी हसली. मला ते अर्धं गाढव बघवेना. रंग भरता भरता मी दुसरा कान काढला. फक्त कान. मग डोळा राहिला म्हणून डोळा, पाय राहिले म्हणून पाय. तिचा हात मला इतका पाठ होता, की जोड कुठे आलाय ते मलाच शोधावं लागलं.

भाऊजींनी मला एकदा पकडलं. चहाचा कप घेऊन मागे उभे होते. कप टेबलावर ठेवला, "साखर कमी पडलीय," म्हणाले आणि गेले. त्यावर आमचं पुढे काही बोलणं झालं नाही.

इथवर सगळं मायेपोटी होतं, असं म्हणता येईल. पुढचं नाही म्हणता येणार. हळूहळू मी ताईसारखं काढणं सोडलं. डावीकडे मला हवं ते काढू लागले. प्रकाशकांचं पत्र आलं, 'बाईंच्या रेघेत नवा मोकळेपणा आलाय.' ताईला ते वाचून दाखवलं आणि नंतर न्हाणीघरात कडी लावून मी ते एकटीने दोनदा वाचलं. पन्नाशीच्या बाईने!

तपासणीच्या दिवशी ताईने हट्टाने चित्रांची गुंडाळी सोबत घेतली. डॉक्टरीणबाईंनी एकेक चित्र उजेडात धरलं.

"कागदावरच्या चाचण्यांत तुम्ही अजून अडखळता," त्या म्हणाल्या. "पण हे बघून मी थक्क झालेय. मेंदू नव्या वाटा शोधतो, चित्रकाराचा तर जास्तच, असं मला नेहमी वाटायचं. ही डावीकडची रेघ तर उजवीपेक्षा धीट आहे!"

माझ्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. आधी आला तो आनंदच. लाज त्याच्यामागून आली, पण आली ती ठाण मांडूनच बसली.

"मग मी वाचनालयात एकटी जाऊ?" ताईने विचारलं. "ही मला रस्ता ओलांडताना शेळीसारखी ओढते हो."

"जायला हरकत नसावी. तसं लिहून देते."

त्या लिहू लागल्या. वाचनालयासमोरच्या रस्त्यावर गाड्या दोन्हीकडून येतात. भाऊजी स्वतःच्या बुटांकडे बघत होते. मी गुंडाळीची सोडलेली दोरी बोटाला वेढत होते.

"आणि हा झोपलेला कुत्रा तर फारच गोड," लिहिता लिहिता डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"कुत्रा?" ताई हसली. "माझ्या चित्रात कुत्रा नाहीये, डॉक्टर."

तो मी काढला होता. गोष्टीत नव्हता, कुणी मागितला नव्हता, निव्वळ हौस.

पेन थांबलं. भाऊजी घाईघाईने म्हणाले, "अगं, परवाच नाही का काढलास? विसरलीस बघ."

"विसरले?" ताईचं हसू जागच्या जागी विरलं. "म्हणजे आता हेही सुरू झालं?" मी नेहमी तिच्या उजवीकडेच बसते. तिने माझी बाही घट्ट धरली. "तू सांग गं. तू माझ्याशी खोटं नाही बोलायचीस. मी काढला होता कुत्रा?"

"नाही, ताई. मी काढला," मी म्हटलं. "तू काही विसरली नाहीस. तुला डावीकडचं अजून दिसत नाही, आणि दीड वर्ष तुझं अर्धं चित्र मी काढतेय."