लवीनियाबाईंच्या धुराड्यातली नळी

अमेरिकेच्या थंडगार व्हरमाँट राज्यातल्या त्या डोंगराळ गावात लवीनियाबाई ट्रॅस्क यांच्या दिवाणखान्यातील विटांच्या शेकोटीएवढा मान दुसऱ्या कशालाच नव्हता. तिची आग दिसायला भव्य. खोलीतील ऊब मात्र ती धुराड्यावाटे आभाळाला अर्पण करीत असे. पाहुण्यांचे गुडघे भाजत आणि पाठी गारठत. बाई यास परंपरा म्हणत.

यंदा त्यांचा खोकला हटेना, तेव्हा मुलाने, वॉरनने, फोनवर बजावले, "आई, एक तर शेकोटीत दाराची बंद लोखंडी शेगडी बसव, नाहीतर हिवाळाभर फ्लोरिडाला माझ्याकडे ये."

फ्लोरिडात आपल्या वयाच्या बायका अर्ध्या चड्डीत हिंडतात, हे बाईंनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते. शेगडी तत्काळ ठरली.

अडचण एवढीच, की जुन्या शेकोट्यांना वारसा समितीच्या मंजुरीशिवाय हात लावायचा नाही, हा नियम अध्यक्षा या नात्याने बाईंनीच केला होता. शेजारच्या एल्डन थर्लोची शेगडी त्यांनी "लोखंडी डबा" म्हणून फेटाळली होती. त्या रागाने थर्लो समितीत शिरला, आणि आता त्याच्या मतावाचून बाईंचे अडले होते.

तो पाहणीला आला तेव्हा आग विझवलेली होती. खोलीच्या गारठ्यात त्यामुळे काही फरक पडला नव्हता. धुराड्याची जुनी झडप काढून ठेवली होती. छतावर मिस्त्री शेगडीचा धूर नेणारी पोलादी नळी धुराड्याच्या तोंडाशी धरून, मंजुरीची वाट पाहत उभा होता.

"कोट काढ, एल्डन. माझ्या दिवाणखान्यात कोट घालून कुणी बसत नाही."

"बाई, तोंडातून वाफ निघतेय!"

"मग तोंड मिटून बस."

थर्लोने कोट काढला. आत स्वेटर होता, त्याच्या आत दुसरा.

"बसतो की. मला कुठं घाई आहे? घाई त्या छतावरच्या मिस्त्रीला. आणि हो, खरा व्हरमाँटचा माणूस उघड्या आगीपाशीच बसतो, असं मला कुणी सुनावलं होतं?"

बाईंना खोकल्याची उबळ आली. ती ओसरेपर्यंत थर्लो सौजन्याने छताकडे पाहत राहिला.

"बाई, सोडू का नळी? हात गोठले!" धुराड्यातून आवाज आला.

"थांब!" बाई गरजल्या. मग थर्लोकडे न पाहता म्हणाल्या, "बंद शेगडी आगीला झाकत नाही, जपते, असं समितीचं मत झालं आहे."

"कधीपासून?"

"आत्तापासून. सगळ्या गावासाठी."

"म्हणजे माझा डबा आता डबा नाही?"

"डबाच आहे, एल्डन. पण मंजूर डबा."

थर्लोने मंजुरीचा हात वर केला. बाईंनी शेकोटीत वाकून, धुराड्यात तोंड घालून हुकूम सोडला, "सोड रे!"

नळीच्या आधी पिढ्यान्‌पिढ्यांची काजळी खाली आली.

"परंपरा आली वाटतं," थर्लो म्हणाला.

काळ्या तोंडाने बाई ताठ उभ्या राहिल्या. "वॉरनला फोन लाव. म्हणावं, आई घरीच राहतेय."