बुधवारचा नंबर

सुनंदाचा धाकट्या जावेवर जळफळाट होता, आणि तो काही आजचा नव्हता. विद्युलता पुण्याहून लग्न करून चेन्नईच्या या तंजावरी मराठी घरात आली, पेरुंगुडीला कंपनीत चिकटली, वेलचेरीला फ्लॅट घेतला, तेव्हापासूनचा. सुनंदाचा नवरा चंद्रमौळी अंबत्तूरच्या कारखान्यात साधा कारकून. पण फ्लॅट-बिट तिनं एक वेळ गिळलं असतं. गिळवलं नाही ते विद्युलताचं पोट.

डिसेंबरात ही बाई ऑफिसच्या ट्रेनिंगला म्हणून बँकॉकला गेली आणि पाटासारखं सपाट पोट घेऊन परतली. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बेंबीखाली साडी नेसून मिरवली. "दोन बाळंतपणं झाली असं वाटतच नाही गे," म्हणत सासूबाई, सकवारबाई, कौतुकानं बघत राहिल्या. सुनंदालाही दोनच मुलं. तिच्या बेंबीशी मात्र हर्नियाचा लिंबाएवढा गोळा. खोकलं की बाहेर यायचा. पट्टा आवळून ती तिळगूळ वाटत होती. त्याच दिवशी जावेच्या निऱ्या खोचताना तिला दिसलं: या कमरेपासून त्या कमरेपर्यंत लालभडक शिवण. विद्युलतानं तिचा हात धरला. "अक्का, कुणाला सांगू नका हं." सुनंदानं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर लोक म्हणाले असते, जळते. जळतच होती.

सरकारी इस्पितळात पाच महिने खेटे घातल्यावर सुनंदाला ऑपरेशनचा नंबर मिळाला, मार्चमधल्या एका बुधवारचा. सोमवारी ती वॉर्डात भरती झाली. आणि मंगळवारी दुपारी शेजारच्या खाटेवर, तापानं फणफणलेली, कोण यावी? विद्युलता! शिवणीतून पू वाहत होता. बँकॉकचा दवाखाना फोन उचलत नव्हता आणि इथल्या खासगी इस्पितळानं चार दिवस ठेवून हात वर केले होते.

डॉक्टर श्रीलक्ष्मींनी जखम बघितली आणि त्या सुनंदाकडे वळल्या. "अम्मा, उद्या थिएटरात हिला आधी घ्यावं लागेल. तुमचा नंबर आता मे महिन्यात."

सुनंदाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हौस हिची, आणि नंबर जायचा माझा?

"आधीचं ऑपरेशन कसलं होतं?" डॉक्टरांनी विद्युलताला विचारलं.

उशाशी सकवारबाई उभ्या होत्या, पायाशी तिचा नवरा हेरंब. विद्युलतानं डोळे मिटून घेतले. "सिझेरियनचं. जुनं आहे."

हेरंब खाली मान घालून उभा. त्याला सगळं ठाऊक होतं, पण आईपुढे त्याची जीभ आजवर कधी उचलली होती?

आता सुनंदाला जावेची कीव आली म्हणून ती बोलली, असं कुणी समजू नये. तिला तिची अब्रू काढायची होती. साऱ्या वॉर्डाला कळावं म्हणून ती तमिळमधून ओरडली, "खोटं बोलते ती! तीन महिन्यांपूर्वी बँकॉकला जाऊन पोट कापून घेतलंय, सपाट दिसायला!"

"अय्यो, शिवा शिवा!" सकवारबाईंनी तोंडाला पदर लावला. आजूबाजूच्या बायका उठून बसल्या. सुनंदाला फार बरं वाटलं.

डॉक्टर मात्र भराभर लिहू लागल्या. "हे लपवायचं असतं का? अशा ऑपरेशनातून एक चिवट जंतू येतो, तो नेहमीच्या औषधांना जुमानत नाही. यंदाची ही तिसरी केस आमच्याकडे. नुसतं साफ करून सोडलं असतं तर बाई हाताला लागली नसती." त्यांनी वेगळी तपासणी सांगितली, औषधं बदलली.

हेरंबनं वाकून सुनंदाचे पाय धरले. "वहिनी, तुम्ही होतात म्हणून वाचली."

"थोरली ती थोरलीच," सकवारबाई डोळे पुसत म्हणाल्या. लग्नाला तेवीस वर्षं झाली, हे वाक्य सुनंदा पहिल्यांदा ऐकत होती.

तिनं हळूच विचारलं, "डॉक्टर, डाग राहील का हो?"

"राहील, अम्मा. मोठा, वेडावाकडा. पण जीव वाचेल, काळजी करू नका."

सुनंदाच्या काळजाला थंडावा मिळाला. चेहरा दिसू नये म्हणून तिनं पदर तोंडावर ओढला. तेवढ्यात शेजारच्या खाटेवरून एक तापलेला हात चाचपडत आला आणि त्यानं तिची बोटं घट्ट धरली.

"अक्का, माझ्यासाठी रडू नका ना."

सुनंदा रडत नव्हती, हसू दाबत होती. आता मात्र तो पदर तिला तोंडावरून काढवेना.