सहाव्या पानावरचं फाटक

वर्गात मला सगळे भोंगा म्हणतात. आठवीपर्यंत मी हजेरीसुद्धा कुजबुजत द्यायचे. मग एका भाषण स्पर्धेत माइकने मान टाकली आणि मी तशीच, माइकशिवाय, शेवटच्या रांगेपर्यंत पोचले. तिथे डुलक्या काढणारे सर दचकून उठले आणि टाळ्या वाजवू लागले. तेव्हापासून माझं तोंड मिटलेलं कोणी पाहिलेलं नाही. म्हणूनच ग्रंथपाल बाईंची अट ऐकून बाबा पोट धरधरून हसले.

झालं होतं असं की आमचं वाचनालय ‘सहकुटुंब पायवाटा’ नावाची पुस्तिका छापणार होतं. सपाट रानातल्या सहा सोप्या वाटा, एका पानावर एक. पाच वाटा मोठ्या माणसांनी लिहिल्या आणि सहावी हट्टाने मी लिहिली. वाचनालयाच्या मागून निघायचं, कालव्याच्या काठाने मोरीपर्यंत जायचं, पुढे कुरणाच्या कडेने लाकडी फाटक, आणि आलं तसं परत. शेवटी मी ठसक्यात लिहिलं होतं, ‘ही वाट कोणालाही जमेल.’

बाईंनी चष्म्यावरून बघितलं. “कोणालाही म्हणजे कोणाला?”

“सगळ्यांना!”

“सगळ्यांना नेऊन बघितलंस?”

मी एकटीने बघितलं होतं, तेही धावत.

“शनिवारी घरच्यांना ने,” बाई म्हणाल्या. “कागद त्यांच्या हातात दे आणि तू तोंडातून अवाक्षर काढायचं नाहीस. पुस्तिका घेऊन तू प्रत्येकाच्या मागे थोडीच फिरणार आहेस? कागदालाच बोलता आलं पाहिजे. जमलं तर सोमवारी छापायला देते. नाहीतर सहाव्या पानावर वाचनालयाचे नियम टाकीन.”

नियम! माझ्या पानावर! मी तिथेच ठरवलं, काय वाट्टेल ते झालं तरी ते पान माझंच.

आता खरं सांगते. पुस्तिकेचं निमित्त होतं, मी ती वाट आईसाठी लिहिली होती. आई पडदे शिवते. चार महिन्यांपूर्वी एका गिऱ्हाइकाकडे पडदे लावताना ती स्टुलावरून पडली आणि तिच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, रोज चाला. आई शिलाई मशीनपासून गॅसपर्यंत जायची, परत यायची आणि म्हणायची, “झालं माझं फिरणं.” उंबऱ्याबाहेर पाऊल नाही. पडायची भीती तिच्या गुडघ्यात कमी आणि डोक्यात जास्त बसली होती.

शनिवारी सकाळी तिने अपेक्षेप्रमाणे निमित्त काढलंच. “तुम्ही या जाऊन. मला दोन पडद्यांच्या चुण्या घालायच्यात.”

“आई, तू नाही आलीस तर ‘कोणालाही’ हा शब्द खोटा पडेल.”

“मग शब्द बदल.”

“वाट नाही बदलणार, शब्द नाही बदलणार. तूच बूट बदल.”

तिने माझ्याकडे असं बघितलं की वाटलं, आता धपाटा. पण उठली.

आम्ही निघालो. पुढे बाबागाडीत बाळ, ती ढकलणारी मावशी, मग काठी घेतलेली आई, तिच्या शेजारी कागद धरलेले बाबा, आणि सगळ्यात मागे ओठ दाबून मी. बोलले तर आठवडाभर भांडी मी घासायची, असं बाबांनी वर जाहीर केलं होतं. त्यांचं चष्म्याचं दुकान आहे, त्यामुळे कुठलाही कागद ते आधी डोळ्यांपासून लांब धरतात आणि मग मोठ्याने वाचतात.

“‘मोरी ओलांडा.’ अरे वा! फिरायला म्हणून आणलं आणि आंघोळीला पाठवतेय.”

“भाऊजी, रस्त्याखालून पाणी जातं तीही मोरीच,” मावशी म्हणाली.

“मला कसं कळणार? मी साबण आणायलाच निघालो होतो.”

मी जीभ दातांखाली धरली. आई हसली, आणि हसता हसता मोरी कधी ओलांडली ते तिला कळलंही नाही. बाबागाडी तर लोण्यातून सुरी जावी तशी चालली होती. जिंकले, असं मला वाटलं.

बाबांनी पुढची ओळ वाचली. “‘इथून फाटक हाकेच्या अंतरावर आहे. फाटकाशी बाक आहे.’”

“हाकेच्या अंतरावर ना? मग येते,” आई म्हणाली.

चाललो. कालवा हळूहळू वळत होता आणि काठावर पुरुषभर उंच गवत होतं, त्यामुळे पुढचं काही दिसत नव्हतं. आईने दोनदा मान उंचावली. मग तिचं पाऊल आखूड झालं. मग काठीवरची मूठ पांढरी पडली.

“अगं, कुठंय फाटक?” ती माझ्याकडे न बघता म्हणाली. “माझी हाक शेजारच्या खोलीत जात नाही. तेवढं अंतर तर कधीच मागे पडलं. ही हाक आहे तरी कोणाची?”

बाबा थांबले. त्यांनी कागद बघितला, मला बघितलं, आणि कपाळावर हात मारला. “हिची! ही भोंग्याची हाक आहे! आता पुढच्या गावापर्यंत चला.”

मावशी इतकी हसली की बाळही खिदळायला लागलं. आई हसली नाही. “मी परत जाते,” ती हळूच म्हणाली. “मला जमायचं नाही, हे मला आधीच ठाऊक होतं.”

बोलले तर पान गेलं. नाही बोलले तर आई ‘मला जमत नाही’ हे घेऊन घरी जाणार, आणि ती चूक माझ्या शब्दाची होती, तिच्या गुडघ्याची नाही. खड्ड्यात गेलं पान!

“आई, तुला जमत नाही असं नाही, मला लिहिता आलं नाही!” मी अशी ओरडले की कालव्यातली बगळ्यांची जोडी उडाली. “इथे गवतात बसका दगड आहे. मला कधी बसावंच लागलं नाही म्हणून मी तो लिहिला नाही. ये, बस.”

आई बसली. गुडघा चोळला. बाबांनी पाणी दिलं आणि भांड्यांबद्दल एक शब्द काढला नाही.

बऱ्याच वेळाने आई म्हणाली, “आता खरं सांग. राहिलंय किती?”

“माझी तीनशे पावलं. तुझी चारशे.”

“चारशे?” तिने काठी टेकली. “मग आकडाच सांगायचास की. हाकेला काय धरून चालणार माणूस?”

ती मोठ्याने मोजत निघाली. दोनशेला थांबली, श्वास घेतला, पुन्हा एकशेएकपासून मोजायला लागली म्हणून बाबांनी तक्रार केली, तर म्हणाली, “मध्ये बोलू नका!” घोळ निस्तरून चारशे एकतीसला तिचा हात फाटकावर पडला.

“एकतीस जास्त,” ती बाकावर बसत म्हणाली. तिच्या कपाळावरून घाम ओघळत होता आणि चेहरा मात्र असा, जणू फाटक तिनेच रोवलंय.

सोमवारी मी बाईंना सगळं सांगितलं. मी बोलले होते, तेही ओरडून. मग नवा कागद पुढे ठेवला. ‘मोरी (रस्त्याखालची, न्हाणीघरातली नव्हे) ओलांडा. इथून फाटक दुखऱ्या गुडघ्याच्या साडेआठशे पावलांवर आहे. चारशे वीसला डावीकडे गवतात दगड आहे. लाजू नका, बसा.’

बाईंनी तो दोनदा वाचला. “हा तरी बोलतो की नाही ते स्वतः चालून बघते. काउंटरवर बस. पुस्तकांची देवघेव कर.”

तेवढ्यात दारात आई उभी. घरापासून चालत आलेली! “मीही येते यांच्याबरोबर,” ती म्हणाली. “ते एकतीस तपासायचेत.”

त्या गेल्या, आणि मी ‘शांतता राखा’ या पाटीखाली सव्वा तास बसले. माझ्या आयुष्यातला सगळ्यात लांब सव्वा तास.

बाई एकट्याच परतल्या. बुटांना चिखल, केसांत गवताचं कुसळ. “दगड सापडला,” त्या म्हणाल्या. “बसलेसुद्धा. पान जातंय छापायला.”

“आणि आई?”

“बाकावर. म्हणाली, तुम्ही व्हा पुढे, माझी मी येते.”

एकटी? मी पाटीला न जुमानता धावत सुटले. मोरीवर पोचून छाती भरून हाक मारली, “आईऽऽऽ!”

उत्तर आलं. बारीक, पण आलं. “ओरडू नकोस गं, मोजतेय!”

आणि आवाज फाटकाकडून नव्हता. दगड ओलांडून ती बरीच अलीकडे आली होती.